केसभर आखूड

"तुमचे स्वतःचे तरी सगळे दात खरे आहेत का हो?"

प्रश्न तोंडातून निसटला आणि तिला वाटलं, आता इथून पळ काढावा तो थेट घरी जाऊन पांघरुणात. कारण प्रश्न मुळी तिचा नव्हताच! तो होता मागच्या बाकावर बसून एकमेकींना चिमटे काढणाऱ्या दोन बायांचा. एक टकळी. तिची जीभ शाळेपासून गरगर फिरत आलेली, अजून थांबलेली नाही. दुसरी चष्मिष. ही कमी बोलते, पण बोलते ते कुणाला तरी खड्ड्यात ढकलण्यासाठीच.

"जा की, घाबरट! त्या गिरणीवाल्याला विचारून ये," टकळी म्हणाली होती.

"नाही विचारलंस तर आजपासून पुन्हा खिडकी," चष्मिषने वर शिक्काच मारला होता.

खिडकी! बाराव्या वर्षी पुढचा दात पडल्यावर या दोघींनीच तिला दिलेलं नाव. अकरा वर्षांनी, बाबा निवृत्त झाल्यावर, ती घरच्यांबरोबर या गावात परत आली, तेव्हा दोघींनी बसथांब्यावरच मोठ्यांदा हाक मारली होती, "ए खिडकीऽऽ!" आणि तिला राग यायच्या ऐवजी चक्क भरून आलं होतं.

तर दातांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीला लागून एक काचेची खोली होती. दात बनवायची. तिथे बसलेल्या माणसाचे हात कोपरापर्यंत पांढरे, भुवया पांढऱ्या, केसांतसुद्धा पांढरी भुकटी... जणू आत्ताच पिठाच्या गिरणीतून उठून आलाय. म्हणून गिरणीवाला. कपाळावर भिंगांचा चष्मा चढवलेला. समोर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, सगळे एकाच वेळी काहीतरी बोलायला निघाल्यासारखे.

त्याने मान वर केली. तिच्याकडे बघितलं. मग काचेतून मागच्या बाकाकडे.

"एक सोडून," तो शांतपणे म्हणाला.

"अं?"

"सगळे खरे. एक सोडून."

"कुठला?"

"वा! पैज तुमची, आणि उत्तर मी फुकट द्यायचं?" तो हसला. "ही काच नुसती धुळीला अडवते, आवाजाला नाही. ओळखा तुम्हीच. मी हसतो, तुम्ही बघा."

आणि खरंच तो हसला की! नीट, ओठ बाजूला घेऊन, शाळेच्या दंततपासणीत उभं राहावं तसा. तिला एकदम फिस्सकन हसू फुटलं. पुढच्याच क्षणी सवयीने तिचा हात तोंडावर गेला... पण तेवढ्यात त्याने पाहिलं होतं.

तो थांबला. हसणं तसंच अर्धवट राहिलं. दुसऱ्याच्या वहीत अचानक आपलंच अक्षर दिसावं, तसा तो तिच्या तोंडावरच्या हाताकडे बघत राहिला.

"पुन्हा हसाल?" त्याने विचारलं. हळू आवाजात.

"का?"

"नाही... काही नाही."

एवढ्यात आतून डॉक्टरबाईंनी हाक मारली.

*

डॉक्टरबाईंनी टेबलावर एक चपटी डबी उघडली. निळ्या स्पंजात खोचलेले तीन इवलेसे खिळे. म्हणजे खिळे नव्हेत, इम्प्लांट. हाडात बसवायची दाताची मुळं. पण दिसत होते अगदी बाबांच्या अवजारपेटीतल्यासारखे.

"हा पहिला, धातूचा, दोन भागांचा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खालचा भाग हाडात बसवायचा आणि चार महिने त्याच्या वाटेला जायचं नाही. हळूहळू हाड त्याला घट्ट धरतं. मग तू परत यायचंस, आणि वरचा दात बारीकशा स्क्रूने त्यावर बसवायचा. दुसरा हा पांढरा, सिरॅमिकचा, एकसंध. याला जोडच नाही. बसवला की लगेच त्यावर तात्पुरता दात, महिन्याभरात पक्का. पण एकदा बसला की बसला. पुढे वाटलं, जरा असा वळवू, तसा वळवू... ते नाही जमणार."

"आणि तिसरा?"

"तो खाली निमुळता, गाजरासारखा. पीळ खोल. हाड मऊ असेल तर हा चांगला पकडतो. तुला गरज नाही. तुझं हाड थोडं बारीक झालंय, पण पहिले दोन्ही चालतील. विचार कर. शुक्रवारी सांग, मला मागवावा लागेल."

विचार कसला करायचा? तिच्यासाठी उत्तर समोरच होतं. पांढरा!

कारण पाच आठवड्यांनी तिला नोकरीवर रुजू व्हायचं होतं, दूरच्या शहरात. लहान मुलांसाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करणारा एक स्टुडिओ. दोनशे जणांतून तिचा आवाज निवडला होता! जी मुलगी वर्गात हजेरी देतानासुद्धा तोंडावर हात धरायची, तिचा आवाज! पत्र आल्यापासून ती जमिनीपासून चार बोटं वरच चालत होती. मात्र पत्राच्या खाली एक ओळ होती. "आपला 'स' उच्चारताना शिट्टीसारखा आवाज येतो. रुजू होण्यापूर्वी हे दुरुस्त व्हावे." पहिल्या पुस्तकात नेमका एक ससा होता. पानापानावर ससा.

तिचा तो दात म्हणजे टाळूला चिकटून बसणाऱ्या गुलाबी पट्टीवर बसवलेला, काढता-घालता येणारा दात. जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत कायमचा बसवता येत नाही, असं तेव्हा सांगितलं होतं. वाढ पुरी झाली, कॉलेजही झालं, आणि ती आज नको उद्या नको करत राहिली. आता मात्र टाळायची सोय उरली नव्हती.

घरी अर्थातच सभा भरली.

"हा बघ, हा!" बाबांनी माहितीपत्रकातल्या गाजरावर बोट ठेवलं. बाबांची सगळी नोकरी पंप दुरुस्त करण्यात गेलेली. "याचे पीळ बघ किती खोल! हा जन्मात ढिला व्हायचा नाही."

"अहो, तिच्या तोंडात विहिरीचा पंप बसवायचा नाहीये," आई म्हणाली. "पांढराच हवा. धातूची म्हणे हिरडीतून काळपट सावली दिसते."

"कोण म्हणे?"

"लोक म्हणे."

"लोकांच्या हिरड्या बघत फिरतेस का तू?"

ती हसली. उजवा हात आपोआप तोंडावर. आईने ते नेहमीसारखं बघितलं आणि तिच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

*

मंगळवारी दाताचा रंग ठरवायला बोलावलं होतं. काचेच्या खोलीत उत्तरेला एक मोठी खिडकी होती. रंग दिव्याखाली ठरवायचा नाही, उजेडातच ठरवायचा, असं गिरणीवाला म्हणाला. त्याच्या हातात दातांच्या नमुन्यांचा जुडगा होता, किल्ल्यांसारखा. एकेक तिच्या ओठांपाशी धरून तो डोळे बारीक करून बघत होता. त्याचे हात आज धुतलेले होते. नखांच्या कडांना तेवढं पांढरं राहिलं होतं. बाहेर वाऱ्यावर कुणाचा तरी निळा शर्ट दोरीवर हेलकावत होता, आणि ती मुद्दाम त्याच्याकडेच बघत होती. शर्टाकडे!

"ओळखलात का?" त्याने विचारलं.

"काय?"

"माझा खोटा दात."

"वरचा, डावीकडून तिसरा."

"चूक."

"मग खालचा?"

"अहो, एका दिवशी एकच अंदाज. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"आत्ताच केला." तो हसला, मग जरा गंभीर झाला. "आता... पट्टी काढावी लागेल. मला ती बघायची आहे."

तिचा चेहरा उतरला. ती पट्टी तिने कुणासमोर म्हणून काढली नव्हती. कॉलेजच्या वसतिगृहात चार वर्षं सोबत राहिलेल्या मुलीसमोरसुद्धा नाही. तिने त्याच्याकडे बघितलं. तो उठला, तिच्याकडे पाठ केली आणि खिडकीतून बाहेर बघत उभा राहिला. मागे हात करून त्याने फक्त तळहात पसरला.

तिने पट्टी काढली आणि त्या तळहातावर ठेवली. ओठ घट्ट मिटून घेतले.

बराच वेळ तो वळलाच नाही. ती दातावर वाकलेल्या त्याच्या मानेकडे बघत राहिली.

"पट्टी किती वेळा बदलली?" त्याने विचारलं.

तिने तीन बोटं दाखवली. मग लक्षात आलं, तो पाठमोरा आहे. "तीनदा," ती पुटपुटली. "दात मात्र पहिलाच."

"माहितीये." आता तो वळला. "हा दात मी घासलाय."

अकरा वर्षांपूर्वी घड्याळांच्या दुकानावर एक चिंचोळी खोली होती, अरुंद जिना चढून गेलं की. तिथे त्याचे वडील दात बनवायचे. आणि तिला सगळं, सगळं आठवलं! शाळेच्या पाण्याच्या टाकीपर्यंत लावलेली शर्यत. टकळी मागे, चष्मिष त्याहून मागे. ती पहिली आली ती अशी की थेट पितळी नळावरच आपटली. शर्यत तिने जिंकली आणि दात नळाने. मग तो जिना. मेणाचा आणि ओल्या प्लास्टरचा वास. पाय खाली न पोचणारं उंच स्टूल. खालच्या दुकानातून येणारी शंभर घड्याळांची टिकटिक. आणि कोपऱ्यात फिरत्या चाकावर तिचा दात घासणारा, कानामागे पेन्सिल खोचलेला एक मुलगा...

"तुम्ही मला विचारलं होतं," तो म्हणाला, "'दाताला दुखत नाही ना?' मला इतकं हसू आलं की हात चाकावर जरा जास्तच राहिला. बघा, शेजारच्या दातापेक्षा हा केसभर आखूड आहे. मी बाबांना सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. म्हटलं, पुढच्या वेळी येतील तेव्हा बदलून देऊ. पण तुम्ही आलाच नाहीत."

"आम्ही पुढच्याच महिन्यात गाव सोडलं. बाबांची बदली."

"हो. ते नंतर कळलं."

मग तिने हात पुढे करून पट्टी घेतली, तोंड फिरवून बसवली, आणि वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"नव्या शाळेतली एक मुलगी काय म्हणाली होती, सांगू? म्हणाली, 'तुझा एक दात उभा आहे आणि एक बसलाय.' सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून हा हात..." तिने उजवा हात वर धरला. "अकरा वर्षं हा हात इथे आहे! गाण्यात नाही, गॅदरिंगमध्ये नाही, एका फोटोत नाही. आणि आता ही शिट्टी! नोकरी जायची वेळ आलीये. आणि तुम्ही म्हणता, हसू आलं!"

"ऐकून तर घ्या..."

पण ती गेली होती. नमुन्यांचा जुडगा टेबलावर तसाच पडला. आता तो एकटाच, आणि समोर ओळीने आ वासलेले जबडे.

*

"मग? झुरतेयस?" बुधवारी संध्याकाळी टकळीने विचारलं. तिघी जुन्या शाळेच्या कंपाउंडवर पाय सोडून बसल्या होत्या. टाकी अजून तिथेच होती. नळ मात्र बदलला होता, प्लास्टिकचा झाला होता.

"झुरत कसली? चिडलेय मी."

"लाल होऊन?"

"चिडल्यावर माणूस लालच होतो!"

चष्मिषने चष्मा पुसला. "मला एक कळत नाही. तू शाळा सोडून जाताना निरोपाचं भाषण केलंस ना? तो दात घालूनच. 'सगळ्या सख्यांनो, सदैव स्मरणात...' आम्ही हसून हसून मेलो होतो, इतके 'स' घातले होतेस. पण शिट्टी? शिट्टी कुठे होती तेव्हा?"

ती चमकलीच. खरंच की! भाषण तिला शब्दन् शब्द आठवत होतं. बाईंनी पाठ थोपटली होती. शिट्टी नव्हतीच! मग ही आली कधी?

त्या रात्री... नाही, रात्र कसली, जेवणं आटोपायच्या आतच तिने माळ्यावरून जुना कंपासपेटीचा डबा काढला. त्यात खोडरबराच्या तुकड्यांखाली एक पांढरी चकती होती, बाटलीच्या झाकणाएवढी. त्या दिवशी जिना उतरताना त्या मुलाने उरलेलं प्लास्टर झाकणात ओतून, त्यावर आपला अंगठा दाबून तिच्या हातात ठेवलं होतं. "घे. रडू नको." बस, एवढंच बोलला होता. तीन घरं बदलली, दोन शहरं बदलली. किती वस्तू हरवल्या. ही चकती कधी हरवली नाही. का, ते तिने स्वतःला कधी विचारलंही नव्हतं.

*

गुरुवारी ती काचेच्या खोलीत शिरली ती एका दमात बोलत.

"मी अजून चिडलेली आहे. पण मला एक विचारायचंय. शाळेत असताना मला शिट्टी नव्हती."

"मलाही तेच सांगायचं होतं," तो घाईघाईने उठला. खुर्ची पडता पडता राहिली. त्याचे डोळे झोप न झाल्यासारखे होते. "परवा पट्टी हातात घेतली तेव्हाच ती जाड लागली होती. पण मी आखूड दातातच अडकलो... बसा. मला पाच मिनिटं द्या. शिट्टी आणणारं एक वाक्य बोला."

"सशाने सगळ्यांसमोर सरळ सांगितलं."

शिट्टी वाजली. दोनदा! ती कानकोंडी झाली, पण त्याने नुसती मान हलवली, वैद्याने नाडी बघावी तशी. ती पट्टी काढून देत असताना तो आपण होऊनच खिडकीकडे वळला. मग आखूड दाताच्या टोकाला त्याने मेणाचा इवलासा थेंब लावला आणि दात शेजाऱ्याइतका लांब केला.

"आता बोला."

"सशाने सगळ्यांसमोर सरळ सांगितलं."

शिट्टी तशीच!

त्याने मेण काढलं. पट्टी उलटी केली आणि दाताच्या मागचा, जिभेला लागणारा जाड भाग चाकावर धरला. या वेळी तो श्वास रोखून काम करत होता. घासायचं, बोटाने चाचपायचं, पुन्हा घासायचं. चाकाचा तोच जुना आवाज, घर्रर्र... आणि तिला वाटलं, खाली आत्ता शंभर घड्याळं टिकटिकायला लागतील.

"आता."

तिने जीभ फिरवली. ऐसपैस वाटलं.

"सशाने सगळ्यांसमोर सरळ सांगितलं."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"पुन्हा," तो कुजबुजला.

"सशाने सगळ्यांसमोर सरळ सांगितलं! सशाने! सगळ्यांसमोर! सरळ!"

नाही. शिट्टी नाही! स्वच्छ, धुतल्यासारखा 'स'!

"दात निर्दोष आहे!" तो ओरडलाच. "ही शेवटची पट्टी कुठे केलीत?"

"कॉलेजच्या गावी."

"मग त्यांनाच जाऊन रागवा. मी शिट्टीतून सुटलो. आखूडपणा माझा, तो कबूल. त्याची शिक्षा द्या."

ती हसत होती. खळखळून, डोकं मागे टाकून. आणि हात? हात मांडीवर होता. ते तिच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं.

"शिक्षा म्हणजे..." तिने पिशवीतून चकती काढून टेबलावर ठेवली. "याचा हिशेब द्या."

त्याने चकती जवळ ओढली. त्याने आपला अंगठा हळूच त्या ठशावर ठेवला. बसला नाही. अंगठा मोठा झाला होता.

"तुम्ही... ठेवलीत ही?"

"हरवली नाही. ठेवली असं नाही म्हणणार मी."

"हो का?"

"हो."

"बरं." तो ठशाकडेच बघत म्हणाला, "माझे सगळे दात खरे आहेत."

"काय!"

"सगळे. बत्तीसच्या बत्तीस. सोमवारी खोटं बोललो. तुम्ही पुन्हा यावं, पुन्हा विचारावं, म्हणून."

"आणि मी तीन रात्री तुमचा एकेक दात डोळ्यांसमोर आणत झुरले?"

"झुरलात?"

"...म्हणजे विचार केला!"

बाहेर बाकावरून फिस्सकन आवाज आला. काच नुसती धुळीलाच अडवत होती.

मग त्याने मेणाचे दोन दात बनवले. एक शेजाऱ्याच्या अगदी बरोबरीचा. एक केसभर आखूड. कुठला कुठला ते न सांगता एकेक बसवून त्याने तिच्या हातात आरसा दिला.

पहिला बसवल्यावर आरशातली मुलगी छान दिसली. जाहिरातीतल्यासारखी. पण कोण होती ती? तिने नमस्कार करून ओळख करून घ्यावी, अशी कुणीतरी. दुसरा बसवला आणि... अरे! ही तर ती होती. उंच स्टुलावर पाय हलवत बसलेली, शर्यत जिंकलेली. नव्या शाळेतल्या त्या मुलीच्या आधीची. इतकी वर्षं हाताआड राहिली, तरी रुसली नव्हती.

"हा," ती म्हणाली. "हाच."

"तो आखूड आहे."

"माहितीये. हसू येत असताना घासलेला."

खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्याच्या पापण्यांवरची पांढरी भुकटी चमकत होती.

"उद्या शुक्रवार," ती हळूच म्हणाली. "खालचा कुठला घेऊ? पांढरा एकसंध... की दोन भागांचा?"

तो उठून उभा राहिला. दोन पावलं मागे गेला.

"मला विचारू नका."

"का? तुमचं कामच आहे ते."

"एकसंध घेतलात तर पाच आठवड्यांत सगळं आटपून मोकळ्या. परत यायची गरज नाही. दोन भागांचा घेतलात तर पट्टी आता नीट झालीये, नोकरीवर वेळेत जाता येईल. पण चार महिन्यांनी वरच्या दातासाठी परत... इथे... यावं लागेल." त्याने श्वास घेतला. "म्हणून म्हणतो, मला विचारू नका. डॉक्टरबाईंना विचारा. मी... मी या बाबतीत सरळ सांगू शकत नाही."

"ससा सांगू शकतो, आणि तुम्ही नाही?"

तो लाल झाला. पांढऱ्या भुवयांखाली लालबुंद!

ती डॉक्टरबाईंकडे गेली. पुरता अर्धा तास बसली. हिरडीतल्या सावलीचं विचारलं, कोनाचं विचारलं, बारीक हाडाचं विचारलं. बाहेर आली तेव्हा तो दारातच उभा होता, हातात चकती.

"विसरलात," तो म्हणाला.

"विसरले नाही. ठेवून चाललेय. चार महिने सांभाळ."

एवढं बोलून ती निघाली. टकळी आणि चष्मिष धावत मागे आल्या. कोपऱ्यावर पोचल्यावर चष्मिष थांबली.

"एक मिनिट," ती म्हणाली. "शेवटी काय म्हणालीस? 'सांभाळा' नाही, 'सांभाळ'?"

*

घरी सभा चालूच होती.

"खोल पीळ," बाबा म्हणत होते.

"पांढरा," आई म्हणत होती.

ती चप्पल काढून आत आली. सरळ जेवणाच्या टेबलाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. जिथे बाबा नोकरीत असताना रजेचा अर्ज लिहायचे, तिथे. दोघांनी वर बघितलं. आईच्या हातातला पेला हातातच राहिला. लेक हसत होती आणि दोन्ही हात टेबलावर होते.

"आई, बाबा, माझं ठरलंय. मधे बोलायचं नाही. इम्प्लांट दोन भागांचा. हाडात धातू, म्हणजे बाबा खूश. पिळाची खोली मी मोजलेली नाही, बाबा, ती तुम्ही डॉक्टरबाईंना जाऊन विचारा. हिरडीपाशी पांढरा जोड घालता येतो, सावली दिसणार नाही, म्हणजे आई खूश. नोकरीवर मी ठरल्या दिवशी जाणार, हीच पट्टी घालून. ऐका... सशाने सगळ्यांसमोर सरळ सांगितलं! ऐकलंत? शिट्टी गेली! आणि चार महिन्यांनी मी परत येणार वरच्या दातासाठी. तो शेजारच्यापेक्षा केसभर आखूडच राहणार, त्यावर चर्चा नाही. आणि तो जो बनवणार आहे ना, तो मला आवडतो. त्याला अजून हे नीट सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगतेय. त्याला उद्या सकाळी सांगणार आहे, टकळी आणि चष्मिषला बाहेर बसवून."